एसक्यूएल सर्व्हर: कॉलमचा प्रकार बदलताना ‘सेव्हिंग चेंजेस इज नॉट परमिटेड’

प्रश्न

नमस्कार. आमच्या शाळेच्या प्रवेशनोंदी एसक्यूएल सर्व्हर २०१६ या डेटाबेस प्रणालीत आहेत आणि टेबलमधील बदल मी तिच्या मॅनेजमेंट स्टुडिओ या प्रोग्रॅममधूनच करतो. विद्यार्थ्यांची नावे आजवर इंग्रजीत भरली जात असल्याने ‘स्टुडंट’ टेबलमधील ‘नेम’ हा कॉलम व्हारचार(१००), म्हणजे इंग्रजीसारख्या मोजक्या लिपींच्या मजकुराचा, आहे. आता नावे मराठीत हवी आहेत. पण एक नाव भरून पाहिले, तर त्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटली. म्हणून डिझाइनमध्ये जाऊन प्रकार एनव्हारचार(१००), म्हणजे सर्व लिपी साठवणारा, केला, तर सेव्ह करताना वरील संदेश (बदल सेव्ह करण्यास परवानगी नाही) आला आणि त्यासाठी टेबल ड्रॉप करून, म्हणजे काढून टाकून, पुन्हा तयार करावे लागेल असे कळले. चाळीस हजार नोंदी असलेल्या टेबलबाबत ‘ड्रॉप’ हा शब्द वाचूनच मी थांबलो. ऑप्शन्समधील एक टिक काढली की काम होते, असे सहकारी सांगतात. तसे करावे का?

उत्तर १

थांबलात ते बरे केले. हा बिघाड नसून मुद्दाम घातलेला अडसर आहे. कॉलमचा प्रकार बदलला, कॉलमांचा क्रम बदलला किंवा मध्येच नवा कॉलम घातला की डिझायनर (डिझाइनची ही खिडकी) ‘टीएमपी_’ने सुरू होणाऱ्या नावाचे नवे टेबल तयार करतो, सर्व नोंदी त्यात ओततो, जुने टेबल काढून टाकतो आणि नव्याला जुने नाव देतो. टूल्स, ऑप्शन्स, डिझायनर्स येथील टिक काढल्याने हा मार्ग फक्त मोकळा होतो, आतले काम तेच राहते. टेबलवर चेंज ट्रॅकिंग (कोणत्या नोंदी बदलल्या याची टिपणी) चालू असेल, तर बदलांची साठवलेली माहितीही त्यात पुसली जाते. शिवाय डिझायनरची कालमर्यादा मुळात ३० सेकंदांची असल्याने मोठ्या टेबलवर ‘टाइमआउट’ येतो तो वेगळाच.

त्यापेक्षा बॅकअप घेऊन क्वेरी खिडकीत ‘अल्टर टेबल स्टुडंट अल्टर कॉलम नेम एनव्हारचार(१००) नॉट नल’ ही आज्ञा चालवावी. शेवटचे ‘नॉट नल’ (म्हणजे नल, अर्थात रिकामी जागा, चालणार नाही) विसरू नये. ते गाळले तर कॉलम सहसा नल स्वीकारणारा होऊन बसतो आणि त्याची कोणी सूचनाही देत नाही.

प्रश्नकर्ता

आज्ञा चालवली, पण ५०७४ आणि ४९२२ या क्रमांकांच्या त्रुटी आल्या. संदेशात एका इंडेक्सचे (शोध वेगवान करणाऱ्या सूचीचे) नाव आहे आणि ‘डीएफ__’ने सुरू होणारे एक विचित्र नाव आहे, जे मी कधीही दिलेले नाही.

उत्तर २

ते विचित्र नाव डीफॉल्ट कन्स्ट्रेंटचे, म्हणजे काहीच न भरल्यास आपोआप घालायच्या मूल्याच्या नियमाचे, आहे. टेबल तयार करताना आपण नाव दिले नाही, तर सर्व्हर स्वतःच ते ठरवतो. नुसती लांबी वाढवायची असती, तर या दोघांपैकी कोणीच आड आले नसते, परंतु येथे प्रकारच बदलत असल्यामुळे दोन्ही आधी काढावे लागतील. दोघांची स्क्रिप्ट (ते पुन्हा तयार करणाऱ्या आज्ञा) जपून ठेवावी, मग एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सर्व किंवा काहीच नाही अशा एका गटात, कन्स्ट्रेंट व इंडेक्स काढून कॉलम बदलावा आणि दोन्ही पुन्हा घालावेत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये टेबलच्या रचनेतील बदलही रोलबॅक करता, म्हणजे मागे घेता, येतात, म्हणून मध्ये काही अडले तरी टेबल अर्धवट राहत नाही. या वेळी कन्स्ट्रेंटला स्वतः नाव द्यावे. हे सर्व शाळा सुटल्यावर करावे, कारण तेवढा वेळ टेबल इतरांसाठी पूर्ण बंद राहते.

प्रश्नचिन्हे झालेली नोंद मात्र परत मिळणार नाही. व्हारचारमध्ये मूळ अक्षरे साठवलीच गेली नव्हती, त्यामुळे ते नाव पुन्हा भरावे लागेल.

प्रश्नकर्ता

कॉलम बदलला, इंडेक्सही पुन्हा बसला. तरीही प्रवेशाच्या फॉर्ममधून नाव भरले की प्रश्नचिन्हेच येतात!

उत्तर ३

फॉर्म ज्या स्टोअर्ड प्रोसिजरला (सर्व्हरवर साठवलेल्या आज्ञांच्या संचाला) बोलावतो, तिचा पॅरामीटर (फॉर्मकडून नाव स्वीकारणारी जागा) अजून व्हारचारच असणार. मराठी अक्षरे कॉलमपर्यंत पोहोचण्याआधी तेथेच हरवतात. तोही एनव्हारचार करावा. हाताने क्वेरी लिहिताना अवतरणचिन्हाआधी मोठा ‘एन’ घालावा, नाहीतर हाच प्रकार तेथेही घडतो. या टेबलवर व्ह्यू (साठवून ठेवलेल्या क्वेरी) असतील तर त्यांना कॉलमचा नवा प्रकार कळावा म्हणून ‘एसपी_रिफ्रेशव्ह्यू’ चालवावे.

एक राहिले: १०० ही लांबी इंग्रजी नावांच्या हिशेबाने ठरलेली आहे. ‘क्षितिज’ डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते, पण हलन्त आणि वेलांट्या वेगळ्या मोजल्या जात असल्याने ते सात जागा घेते. विद्यार्थी, वडील आणि आडनाव एकाच कॉलममध्ये असेल, तर आताच २०० करून घ्यावे. त्याचे ४०० बाइट होतात आणि एसक्यूएल सर्व्हर २०१६ मध्ये नॉनक्लस्टर्ड (टेबलपासून वेगळ्या ठेवलेल्या) इंडेक्सच्या कीची मर्यादा १,७०० बाइट आहे, त्यामुळे इंडेक्सची अडचण येणार नाही.

प्रश्नकर्ता

पॅरामीटरच होता. ‘क्षितिज’ नावाचे दोन विद्यार्थी खरोखरच आहेत आणि दोन्ही नावे आता नीट दिसत आहेत. लांबी आज संध्याकाळी वाढवतो.