ओटिस स्पॅनने मडी वॉटर्सला वेळेत सोडायला हवं होतं का?

खर्जातला:
गेले दोन आठवडे ऑफिसला जातायेता कानात एकच अल्बम चालू आहे, ब्लूज पियानोवादक ओटिस स्पॅनचा, कँडिड या रेकॉर्ड लेबलवाला, १९६० च्या ऑगस्टमधे न्यूयॉर्कला रेकॉर्ड झालेला. पियानो, रॉबर्ट लॉकवुडची गिटार आणि दोघांचे आवाज, एवढंच. ड्रम नाही बेस नाही आणि कुठेही काही कमी आहे असं वाटत नाही. ऐकून झालं की दरवेळी मला रागच येतो, की एवढा ताकदीचा माणूस पंधरा-सोळा वर्षं दुसऱ्याच्या मागे का बसून राहिला?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळचा मिसिसिपीचा, जन्मवर्ष कुठे १९२४ लिहितात कुठे १९३०. शिकागोला आला, पियानोवाल्या बिग मेसिओचं बघून ऐकून हात तयार केला आणि १९५२-५३ च्या आसपास ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्सच्या बँडमधे शिरला. मडीचं १९५४ चं 'हूची कूची मॅन' ऐकलं असेल तर त्यातला पियानो याचाच. मडीच्या रेकॉर्ड काढणाऱ्या चेस कंपनीत गायक हाउलिन वुल्फच्या मागेही हाच. आणि तिथे स्वतःच्या नावावर काय, तर १९५४ लाच चेसच्याच चेकर लेबलवर एक रेकॉर्ड, जी चालली नाही. शेवटी बँड सोडला १९६९ च्या सुमारास आणि २४ एप्रिल १९७० ला लिव्हरच्या कॅन्सरने गेला. म्हणजे जेमतेम सुरुवात केली आणि संपलं.

याउलट दुसरा पियानोवाला मेम्फिस स्लिम बघा. तोही आधी गायक-गिटारवादक बिग बिल ब्रून्झीचा साथीदारच होता, पण बिलनेच त्याला सांगितलं की तुझी स्वतःची स्टाइल शोध. १९६२ ला पॅरिसला गेला आणि १९८८ पर्यंत तिथे मानाने राहिला. स्पॅनने हेच करायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

पेटीमास्तर:
अजिबात पटलं नाही. "मागे बसून राहिला" हे वाक्यच खटकलं, मी स्वतः वीस वर्षं पेटीवर साथ करतोय. मडीची १९५५ नंतरची, स्पॅन असलेली कुठलीही रेकॉर्ड लावा आणि गाणं सोडून फक्त पियानो ऐका. मडी ओळ टाकतो आणि थांबतो, ती जी मोकळी जागा उरते तिथे स्पॅनचा उजवा हात एकदम वरच्या सप्तकात जाऊन थरथरता सूर धरतो, आणि मडीने पुढचा शब्द उचलला की हा बाजूला. एकदाही पायात पाय नाही. हे पंधरा वर्षं एकाच माणसाबरोबर रोज रात्री बसल्याशिवाय येत नाही, तुम्ही म्हणता ते "सोडून" दिलं असतं तर हा स्पॅन आपल्याला मिळालाच नसता.

दुसरं म्हणजे पियानोवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, पेटीसारखंच. गिटारवाला तार ओढून कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधला सूर काढतो, पियानोवाल्याने काय करायचं? एक तर काळ्या पट्टीवरून बोट घसरवून शेजारच्या पांढरीवर आणायचं, पण गिटारवाल्यांच्या आवडत्या स्केलमधे, म्हणजे ई आणि ए मधे, नेमका कोमल गंधार पांढरीवर आणि शुद्ध काळीवर येतो, बोट घसरणार कसं? मग दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकदम चिरडायच्या आणि खालची लगेच सोडायची. स्पॅन हे इतकं सहज करतो की सूर वाकल्याचा भास होतो. हे मी घरी करून बघितलं, चार दिवस बोटं दुखली आणि तो भास काही झाला नाही.

उत्तररात्र:
पेटीमास्तर, कलेचं सगळं मान्य, पण पोटाचं काय? पोस्टरवर नाव मडीचं, मोठा पैसा मडीला. खर्जातला म्हणतोय ते हिशेबाने बरोबर आहे. फक्त दोष बँडला देऊ नका, दारूने स्पॅनचं शरीर पोखरलं होतं. त्याच्या जागी मडीकडे जो पाइनटॉप पर्किन्स आला तोही वर्षानुवर्षं साथीदारच, पण त्याला आयुष्य मिळालं, २०११ मधे ९७ व्या वर्षी ग्रॅमी घेतलं. स्पॅनला तेवढी वर्षं मिळाली असती तर हा धागाच निघाला नसता.

शिकागोकर:
मी इथे नऊ वर्षं आहे म्हणून दोन गोष्टी सांगते. साउथ लेक पार्क अ‍ॅव्हेन्यूवर ४३३९ नंबरचं मडीचं घर आहे, विटांचं, दुमजली. स्पॅन काही काळ त्याच घराच्या बेसमेंटमधे राहायचा आणि बँडची तालीमही तिथेच. दोघं एकमेकांना भाऊ म्हणायचे, रक्ताचं नातं नसताना. त्यामुळे "का सोडलं नाही" हा प्रश्न नोकरीसारखा विचारता येत नाही, घर सोडण्यासारखं होतं ते.

दुसरी गोष्ट म्हणजे स्पॅनची कबर. अल्सिपला बर ओक स्मशानभूमीत आहे, जिथे गायिका डायना वॉशिंग्टन आणि १९५५ मधे वर्णद्वेषातून मारला गेलेला मुलगा एमेट टिलही आहेत. मी गेले तेव्हा ऑक्टोबर होता, शोधायला पाऊण तास लागला, दगडावर गवताचे तुकडे चिकटले होते ते हाताने काढले. तो दगडसुद्धा १९९९ मधे चाहत्यांनी पैसे जमवून बसवला. तोपर्यंत एकोणतीस वर्षं तिथे काहीच खूण नव्हती. त्या दिवशी मला उत्तररात्रचा मुद्दा पटला होता खरा.

पेटीमास्तर:
एकोणतीस वर्षं! हे माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

पण न्यूपोर्ट विसरू नका. १९६० ला तिथल्या जॅझ फेस्टिव्हलमधे शनिवारी दंगल झाली, रविवारची दुपार शेवटची ठरणार हे कळलं तेव्हा कवी लँग्स्टन ह्यूजने तिथल्या तिथे टेलिग्रामच्या कोऱ्या फॉर्मवर न्यूपोर्टला निरोप देणारं गाणं लिहिलं. मडी थकलेला होता म्हणून ते गायलं कोणी? स्पॅनने. हातात आलेला कागद घेऊन, बिना तालमीचं.

खर्जातला:
अहो हाच तर माझा मुद्दा आहे! मडी थकला तेव्हा कुठे माइक मिळाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत तो कँडिडचा अल्बम झाला, म्हणजे आत किती साठलं होतं बघा. १९६८ ला ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग गेले, दुसऱ्या दिवशी शिकागो पेटलेलं असताना एका दुकानाच्या गाळ्यातल्या चर्चमधे बसून स्पॅन त्यांच्यावर गाणं गातो, ते मडीच्या मागून वाजवून सांगता आलं नसतं.

शिकागोकरांचं घराचं मात्र माझ्या डोक्यात नव्हतं, त्याला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. तरी मत तेच आहे, सोडायला हवं होतं, निदान १९६० च्या त्या ऑगस्टनंतर.

पेटीमास्तर:
आणि मग १९६० नंतर मडीच्या शेजारी कोण बसणार होतं ते सांगा.