नामदाफात जीप सफारी नकोच!

रानवाट:
‘नामदाफातही जीप सफारी सुरू करा’ असं कुणी म्हटलं की पोटात गोळा येतो. अरुणाचलमधलं हे रान १,९८५ चौ. किमी. आहे. नोआ-दिहिंग नदीच्या काठापासून ते ४,५७१ मीटर उंचीच्या दाफा बुम शिखरापर्यंत चढत जातं. त्यामुळेच वाघ, बिबट्या, क्लाउडेड लेपर्ड आणि हिमबिबट्या एकाच हद्दीत राहतात. पण दहा पावलांपलीकडचं दिसत नाही इतकी झाडी, तिथे जीपमधून काय बघणार? नदीकाठच्या देबानला होडीने नदी ओलांडा आणि हलदीबारी, हॉर्नबिल, बुलबुलिया या रानातल्या मुक्कामांवरून चालत जा. धनेश डोक्यावरून जाताना आधी पंखांची घरघर ऐकू येते, पक्षी मागाहून दिसतो. इंजिनाच्या आवाजात हे सगळं बुडेल. जळवा, चिखल सोसायची तयारी असेल त्यानेच यावं.

पानगळ:
साफ असहमत. म्हणजे गुडघे धड असलेल्यांचंच जंगल का? माझ्या आईला आयुष्यभर पक्ष्यांचं वेड, आता चालवत नाही. तिने फोटोच बघायचे? मोजक्या गाड्या, ठरलेल्या वेळा, स्थानिक चालक, एवढं तर जमू शकतं.

झुळूक:
तुम्ही दोघंही पर्यटकांचंच बोलताय. मियाव ते विजयनगर हा सुमारे १५७ किमीचा रस्ता या उद्यानातून जातो. विजयनगरला तीन बाजूंनी म्यानमार. तिथल्या लिसू लोकांनी वर्षानुवर्षं मीठ-तेल पाठीवर घेऊन दिवसचे दिवस पायपीट केली, आजारी माणसांनाही असंच वाहून आणलं. त्यांना रस्ता हवाच. ‘चालण्यातली मजा’ त्यांना सांगू नका.

रानवाट:
झुळूक, त्या रस्त्याला माझा विरोध नाही, कधीच नव्हता. पण तो झाला म्हणून पर्यटकांसाठी आणखी फाटे फोडू नका. हुलॉक गिबन हा इथला वानर फांदीवरून फांदीवर जातो, जमिनीवर सहसा उतरत नाही. वरचं छत तुटलं की त्याची वाट संपली. आसामात होलोंगापार अभयारण्यात रेल्वेमार्गाने रान दुभंगलं आणि दोन बाजूंचे गिबन एकमेकांना तुटले. पानगळ, तुमच्या आईंसाठी देबानचा नदीकाठ आहे की. गाडी तिथवर जाते.

कातळ:
गिबनचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण पायी जाणारेही काही निरुपद्रवी नसतात. मुक्कामाला रोज शेकोटी, त्यासाठी लाकूड, मागे प्लास्टिक, शिवाय धनेश घरट्यावर असला तरी फोटोसाठी झाडाखाली ठाण. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, खाणं नर आणतो. माणसं बघून तो फिरकलाच नाही तर आत ती आणि पिल्लं उपाशी. जीप नको म्हणताय ना? मग पायी जाणाऱ्यांच्या संख्येवरही मर्यादा घाला. त्यात माझा नंबर लागला नाही तरी चालेल.

पानगळ:
मर्यादेला माझी हरकत नाही. पण त्यातल्या काही जागा न चालू शकणाऱ्यांसाठी राखा. त्यांची गाडी विजयनगरच्या रस्त्यावरूनच न्या, नवा फाटा न काढता. यावर रानवाट यांचं म्हणणं ऐकायचंय.