गरम झालं की दम टाकणारं जुनं आउटबोर्ड: कुठून सुरुवात करू?

वल्हं:

नमस्कार. मामांचं जुनं आउटबोर्ड (बोटीच्या मागे लावायचं इंजिन) माझ्याकडे आलंय. १९५० च्या दशकातलं, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, १० एचपी. टाकी वेगळी आहे आणि टाकीपासून मशीनपर्यंतची नळी दुहेरी आहे. बरीच वर्षं पडून होतं, पण फ्लायव्हील हाताने छान फिरतं. कार्बोरेटर उघडून धुतला, नवे प्लग घातले, ताजं पेट्रोल भरलं. सुरू झालं! थंड असताना तर आवाज ऐकत बसावा असा.

मग थोड्या वेळाने, चांगलं तापल्यावर, एकाएकी ताकद अर्ध्यावर येते. मशीन थरथरतं आणि रेस कमी केली की बंदच पडतं. त्यानंतर कितीही दोरी ओढा, दाद देत नाही. निवलं की पुन्हा पहिल्या-दुसऱ्या ओढीला चालू.

आणखी दोन गोष्टी आहेत. गिअर ऑइल काढलं तर ते दुधाळ निघालं. आणि कूलिंगच्या पाण्याची धार कुठेच दिसत नाही. हल्लीच्या मशीनना बाजूला पिचकारी असते, तसं भोकच याला नाही.

मामांनी याच्यावर आयुष्यभर मासेमारी केली. मला हे शोभेला ठेवायचं नाहीये, पाण्यात चालवायचंय. सगळं एकदम उघडून बसायचं नाही. आधी कशाला हात घालू?

पाणकावळा:

आधी पाणी, मग करंट (प्लगची ठिणगी), मग गिअर ऑइल. क्रम बदलू नका, आणि पाण्याचं नक्की होईपर्यंत मशीन परत चालू करू नका, अगदी दोन मिनिटंसुद्धा. पडून राहिलेलं मशीन पडून राहिल्याने फारसं बिघडत नाही. ते बिघडतं "चालतंय का बघू" म्हणून वाळलेल्या इम्पेलरवर, म्हणजे थंड ठेवायचं पाणी ओढणाऱ्या रबरी चक्रावर, पळवल्याने. मला हे फार मनापासून सांगावंसं वाटतं, कारण चांगली सिलिंडरं अशीच ओरखडून गेलेली पाहिली आहेत.

पिचकारी नाही ही काळजीची गोष्ट नाही. त्या काळातल्या बऱ्याच मशीनना ती नव्हतीच. पाणी पायाच्या मागच्या बाजूच्या भोकांतून, धुराबरोबर, तुषारांसारखं बाहेर पडतं. मोठ्या पिंपात मशीन लावा, पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या बरंच वर येऊ द्या आणि मागे बघा. पण त्याआधी इम्पेलर बदला. रबर वर्षानुवर्षं एकाच बाजूला वाकून राहिलं की त्याच्या पाकळ्या तशाच आखडतात, मग हळू रेसवर पाणी ओढत नाहीत.

खालचा भाग उतरवताना गिअरच्या रॉडचा जोड आधी सोडवा, नाहीतर रॉड वाकेल. नवा इम्पेलर घालताना थोडं ग्रीस लावून शाफ्ट घड्याळाच्या दिशेनेच फिरवत पाकळ्या आत बसवा, आणि त्यानंतर मशीन उलटं फिरवू नका. खाली शाफ्टवर इम्पेलरची चावी किंवा पिन असते, ती ग्रीसमध्ये चिकटवून ठेवा म्हणजे घरंगळत नाही. वर चढवताना तांब्याची पाण्याची नळी तिच्या रबरी बुशात बरोबर शिरली का, हे टॉर्च मारून बघा. शाफ्टच्या दातांना बाजूने ग्रीस लावा, टोकावर नको. टोकावर ग्रीस कोंडलं की शाफ्ट पूर्ण वर बसत नाही.

पाणी नीट येतंय, सिलिंडरच्या डोक्यावर हात ठेवला तर क्षणभर तरी टेकवता येतोय, आणि तरीही ताकद जातेय? मग करंट बघा. अर्धी ताकद जाणं म्हणजे दोनातला एक सिलिंडर सुटलाय. तुमची लक्षणं कॉइलकडे, म्हणजे ठिणगीची वीज देणाऱ्या तारेच्या गुंडाळीकडे बोट दाखवतात. त्या काळच्या कॉइलींचं वरचं आवरण कालांतराने तडकतं. थंड असताना चालतात, तापल्या की आत वायर ताणते, इन्सुलेशन दगा देतं, ठिणगी जाते. निवल्या की परत येते. कंडेन्सरही असाच वागू शकतो, पण तडकलेली कॉइल डोळ्यांना दिसते, म्हणून तिथून सुरुवात.

प्लग बाहेर काढून सिलिंडरच्या धातूला टेकवायचा आणि ठिणगी बघायची, ही परीक्षा पुरेशी नाही. प्लगची फट ०.०३० इंचाची, उघड्या हवेत ती कशीबशी ठिणगीही पार करते. आतल्या दाबाखाली खरा कस लागतो. साधा ठिणगी-टेस्टर घ्या, फट ६ मिमी ठेवा, आणि मशीन तापून थरथरायला लागलं की लगेच दोन्ही वायरी तपासा. निळी, कडाडणारी ठिणगी हवी. पेट्रोलचा डबा लांब ठेवून. वायर काढून मोकळी लोंबकळू देऊ नका, कॉइलवर नाहक ताण येतो.

फ्लायव्हील काढायला त्यावरच्या तीन आट्यांच्या भोकांत बसणारा पुलरच वापरा. कडेला चिमटीसारखा पुलर लावला किंवा खालून पहारीने उचकलं, तर फ्लायव्हील वाकतं. आत दोन्ही पॉइंटची (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या टिकल्यांची) फट ०.०२० इंच ठेवा, कॅमच्या सर्वांत उंच भागावर फीलर गेज (फट मोजायची पट्टी) घालून. नव्या पॉइंटच्या तोंडावर तेलकट थर असतो, स्पिरिटने पुसा, नाहीतर अजिबात ठिणगी येणार नाही. कॉइल बसवताना तिच्या लोखंडी पट्ट्यांची बाहेरची कड प्लेटवरच्या घासून सपाट केलेल्या उंचवट्याशी एका रेषेत आणा. बाहेर आली तर फ्लायव्हील घासतं, आत गेली तर ठिणगी दुबळी होते. कॉइल घालतच असाल तर कंडेन्सर आणि पॉइंटही एकदम बदला. पुन्हा पुन्हा फ्लायव्हील काढायला लागू नये.

पेट्रोल-ऑइलचं प्रमाण लिहिलं नाहीत. या वयाच्या मशीनला २४:१ द्या, म्हणजे ६ लिटर पेट्रोलला २५० मिली. ऑइल पाण्याच्या मशीनचं, टीसी-डब्ल्यू३ छापाचं. ५०:१ नंतरच्या मशीनसाठी आहे. तुमच्या क्रँकची मुख्य बेअरिंगं काशाच्या बुशची असण्याचीच शक्यता जास्त, आणि बुशला ऑइल जास्त लागतं. मग धूर जरा जास्त येईल, येऊ द्या.

दर्यावर्दी:

पाणकावळा यांचं पटतंय, फक्त एक शंका टाकीबद्दल. दुहेरी नळी म्हणजे या मशीनला पेट्रोल पंप नाही. एका नळीतून क्रँककेसमधली हवा टाकीत जाते, तिथे दाब बनतो आणि तो दाब दुसऱ्या नळीतून पेट्रोल वर ढकलतो. जॉन्सनच्या १० एचपी मशीनबरोबर ही वेगळी टाकी १९४९ साली आली. टाकीचं वरचं गॅस्केट गळत असलं तर सुरुवातीला वर चढवलेल्या पेट्रोलवर मशीन चालतं आणि मग उपाशी मरतं. थरथरताना टाकीवरचं बटण दाबून पाहा. जीव आला तर दोष टाकीत आहे.

टाकीचं झाकण उघडण्यापूर्वी दाब सोडायला विसरू नका.

आणि पंख्याची शीअर पिन तपासली का? आमच्याकडे एकाने तिथे खिळा घातला होता, वेळ निभावून नेली त्याने.

पाणकावळा:

टाकीचा मुद्दा अगदी रास्त. बटणाची परीक्षा फुकट आहे, पाण्याचं नक्की झालं की तीच आधी करा.

खिळ्याला मात्र माझा सक्त विरोध. पिन मुद्दाम कमकुवत असते. पंखा खडकाला आपटला की ती तुटावी आणि गिअर वाचावेत, एवढंच तिचं काम. खिळा तुटत नाही, मग धक्का थेट गिअरच्या दातांना जातो. आणि या मशीनचे गिअर आता सहज मिळत नाहीत. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या धातूची आणि जाडीची पिन घाला, दोन जास्तीच्या टेप लावून कव्हरच्या आत चिकटवून ठेवा.

वल्हं:

सगळ्यांचे आभार. इम्पेलर बदलला. जुन्याच्या पाकळ्या एका बाजूला वळून कडक झाल्या होत्या, नखाने दाबल्या तर चिरल्या. पिंपात आता मागून तुषार छान येतात. बटण दाबून काही फरक पडला नाही. टेस्टरवर मात्र तापल्यावर वरच्या सिलिंडरची ठिणगी गायब, खालची निळी. फ्लायव्हील काढलं तर वरची कॉइल आरपार तडकलेली! दुसरीवरही बारीक रेघ आहे, दोन्ही मागवल्यात.

राहिलं गिअर ऑइल. सगळी सीलं काढायची का?

पाणकावळा:

छान शोधलंत. आता फ्लायव्हील परत बसवताना शाफ्टचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलची आतली बाजू कोरडी, स्वच्छ करा, तिथे तेल-ग्रीस काही नको. चावी सरळ बसली का बघा आणि नट मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत टॉर्क पान्याने आवळा. ढिला राहिला तर चावी कातरते आणि टायमिंग जातं.

सीलं लगेच नको. ऑइल दुधाळ म्हणजे आत पाणी शिरलंय. आधी भरायच्या आणि हवेच्या दोन्ही स्क्रूंचे वॉशर बदला, बऱ्याचदा पाणी तिथूनच शिरतं. स्क्रू सोडवताना सांभाळा: जॉन्सन घराण्याच्या बऱ्याच मशीनांत भरायच्या स्क्रूशेजारी अधिकच्या खुणेसारख्या खाचेचा स्क्रू असतो, तो गिअरच्या खटक्याला धरून ठेवतो. तो काढलात तर आतला खटका सुटतो आणि सगळा खालचा भाग खोलावा लागतो. मग ऑइल खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते. वरचा स्क्रू आधी लावा, मग ट्यूब काढून खालचा.

(तुमचं मशीन ब्रिटिश सीगल असतं तर मी दुधाळ ऑइलकडे बघितलंही नसतं. त्या गिअरबॉक्सला पाणी अडवणारं सीलच नाही, म्हणून १४० ग्रेडचं जाड ऑइल घालतात आणि ते पांढरं होणारच असं धरतात.)

एकदा पाण्यात नीट चालवून आणा, मशीन रात्रभर उभं ठेवा, सकाळी खालचा स्क्रू अगदी थोडा ढिला करा. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि पहिल्यांदा तेच येतं. काही थेंब पाणी आलं तर पंख्याच्या शाफ्टचं सील बदला. तिथे मासेमारीची तंगूस गुंडाळली गेलेली असते आणि सील कापते, म्हणून पंखा काढून आधी तीच शोधा. मामांच्या मशीनवर ती सापडण्याची शक्यता मोठी आहे. ऑइल स्वच्छ आलं तर सीलांना हात लावू नका.