मदत हवी आहे : कॉमिकचा भाग कुठे तोडावा?

चार भागांची कॉमिक-कथा लिहितेय, प्रत्येक भाग २२ पानांचा. दुसऱ्याच्या शेवटी नायिका विहिरीत अडकते. तिसऱ्यात दोन पानांत ती बाहेर येते आणि सगळा ताणच निघून जातो. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा ३२वा अंक आठवा: अवजड यंत्राखाली दबलेला पीटर (म्हणजे स्पायडर-मॅनच), वरून गळणारं पाणी, औषध समोर पण हाताबाहेर. ३३व्या अंकात (१९६६) चित्रकार स्टीव्ह डिट्कोने ती सुटका पानामागून पान ताणली, चौकटी मोठ्या होत गेल्या. मला ती सुटका फार आवडते! पण तेवढी पानं द्यायची तर नायिकेच्या भावाचं उपकथानक कापावं लागेल. कापू का? आणि पुढे चारही भाग सलग वाचताना भागांच्या शेवटचे हे थांबे खटकू नयेत म्हणून काय करता? लिहिणाऱ्या-चितारणाऱ्यांनी जरूर सांगा.