निनावी राहायचं असेल तर ब्राउझरच्या सेटिंग्जना हात लावू नका

कवडसा (धागाकर्ती)

ओळखीतल्या एका मुलीने परवा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. पत्रकारितेत नवीन आहे. एका कंपनीवर बातमी करायची म्हणून त्या कंपनीची साइट तिला रोज चाळायची होती, पण कोण चाळतंय ते तिकडे कळायला नको होतं. कुठलेसे लेख वाचून तिने फायरफॉक्स ब्राउझरमध्ये अकरा ॲड-ऑन (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) टाकले होते, अबाउट:कॉन्फिग या आतल्या बारीक सेटिंग्जच्या पानावरच्या पन्नासेक ओळी बदलल्या होत्या आणि युजर एजंट (ब्राउझर साइटला सांगतो ती स्वतःची ओळख) असा बदलला होता की विंडोजवर बसून ब्राउझर 'मी मॅक आहे' सांगत होता. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या 'कव्हर युअर ट्रॅक्स' चाचणीत टाकून पाहिलं, तर तिच्या ब्राउझरचा ठसा, म्हणजे साइटला दिसणाऱ्या त्याच्या खुणांचा संच, एकमेव निघाला. युजर एजंट मॅक म्हणत होता, पण जावास्क्रिप्टने (पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडने) प्लॅटफॉर्म विचारला की 'विन३२' उत्तर येत होतं. असं परस्परविरोधी बोलणारा ब्राउझर गर्दीत चटकन नजरेत भरतो. त्यात तिचं काम मांडणीचंही, त्यामुळे मशीनवर फॉन्टची रास.

कुकी (साइटने आपल्या मशीनवर ठेवलेली खूण) पुसता येते, हा ठसा पुसता येत नाही. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइमझोन, भाषा, ग्राफिक्स कार्ड कॅनव्हासवर अक्षरं कशी रंगवतं, हे सगळं एकत्र केलं की माणूस ओळखू येतो. ईएफएफने २०१० मध्ये ४,७०,१६१ ब्राउझर तपासले, त्यातले ८३.६ टक्के एकमेव होते.

टॉर ब्राउझर, म्हणजे टॉर नेटवर्कच्या तीन टप्प्यांतून फिरवून साइटशी जोडणारा ब्राउझर, उलट्या बाजूने विचार करतो. लपायचं नाही, सगळ्यांनी सारखं दिसायचं. पानाची जागा २०० बाय १०० च्या पटीत कापलेली, घड्याळ सगळ्यांचं यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), फॉन्ट ठरावीक. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: तो उतरवा, अपडेट ठेवा आणि बाकी कशालाही हात लावू नका. तुम्ही केलेला प्रत्येक बदल तुम्हाला गर्दीतून बाहेर काढतो.

रानवाट

अजिबात पटलं नाही. हा सल्ला शंभरातल्या पाच जणांसाठी आहे आणि तुम्ही तो शंभरांना देताय. बहुतेकांना फक्त जाहिरातवाल्यांचा ससेमिरा चुकवायचा असतो. त्यांच्या हाती टॉर दिला की पान उघडायला वेळ लागतो, दर दुसऱ्या साइटवर कॅप्चा येतो, बँकेचं खातं लॉक होतं. तिसऱ्या दिवशी माणूस वैतागून जुन्या ब्राउझरवर परततो, तोही काहीही न बदललेल्या. त्यापेक्षा फायरफॉक्स घ्या, यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं ॲड-ऑन टाका, ट्रॅकिंग संरक्षण 'स्ट्रिक्ट'वर न्या, एचटीटीपीएस-ओन्ली (फक्त कूटबद्ध जोडणी) सुरू करा. दहा मिनिटांचं काम आणि वर्षभर टिकतं. कुकी प्रत्येक साइटपुरती कोंडून ठेवणं तर फायरफॉक्स २०२२ पासून आपणहून करतो.

दुसरं, तुमचा ८३.६ चा आकडा. ईएफएफच्या चाचणीला कोण जातं? ज्यांना हा विषय आधीच छळतोय ते. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या एका मोठ्या साइटवरचे २० लाखांहून जास्त ठसे तपासले गेले, तिथे एकमेव निघाले ३३.६ टक्के. लोकांना घाबरवायचं असेल तर निदान दोन्ही आकडे सांगा.

कवडसा

आकड्याचं मान्य, दोन्ही द्यायला हवे होते. पण उरलेले ६६ टक्के कशामुळे वाचले? त्यांचे ब्राउझर दुसऱ्या कुणासारखे होते म्हणून. माझं म्हणणंही तेच आहे. दहा मिनिटांच्या तुमच्या यादीशी माझं भांडण नाही. जाहिराती टाळायला ती उत्तम. फक्त तिला 'निनावी' म्हणू नका, कारण तो शब्द ऐकून कुणीतरी त्या भरवशावर जोखीम घेतं.

जुनीवही

'हात लावू नका' हे मात्र चूक. ऑगस्ट २०१३ मध्ये फ्रीडम होस्टिंग या सेवेवरच्या, फक्त टॉरमधून उघडणाऱ्या साइट्सवर जावास्क्रिप्टमधून हल्ला झाला. टॉर ब्राउझर ज्यावर बांधला होता त्या फायरफॉक्स १७ ईएसआरमधली खोट वापरून विंडोजवाल्यांच्या मशीनचं नाव आणि मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचा क्रमांक) टॉरला वळसा घालून बाहेर पाठवला गेला. त्या खोटीवरची दुरुस्ती जूनमध्येच आली होती. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते सापडले. पण जावास्क्रिप्ट बंद असतं तर जुन्या आवृत्तीवरचेही वाचले असते. टॉर ब्राउझर आजही 'स्टँडर्ड' पातळीवर जावास्क्रिप्ट चालू ठेवूनच येतो. ज्याच्या जिवाशी गाठ आहे त्याने साइट्सवरचं जावास्क्रिप्ट बंद करणारी 'सेफेस्ट' पातळी लावलीच पाहिजे.

कवडसा

बरोबर, मी फार सरसकट लिहिलं. सुरक्षेच्या पातळ्या तीनच आहेत आणि त्या बनवणाऱ्यांनीच दिल्यात, त्यामुळे प्रत्येक पातळीवर आपल्यासारखे पुष्कळ असतात. पातळी बदला. स्वतःच्या मनाने अबाउट:कॉन्फिगमध्ये शिरू नका, आणि आणखी ॲड-ऑन तर नकोच.

शून्यप्रहर

तुम्ही सगळे ब्राउझरवरच अडकलात. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळायला बॉम्बची धमकी मेलने पाठवली. टॉर वापरला, मेल पत्ता तात्पुरता घेतला. तरी सापडला, कारण विद्यापीठाच्याच वायफायवरून त्या वेळी टॉरला कोण जोडलं होतं ते नोंदीत होतं, आणि पोलिसांनी विचारल्यावर त्याने कबूल केलं. टॉर कुठेच फुटला नाही. नेटवर्क देणाऱ्याला तुम्ही काय बघता ते दिसत नाही, पण टॉर वापरताय हे दिसतं.

आणि टॉरमध्ये बसून स्वतःच्या मेलमध्ये लॉगिन करणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. उतरवलेली फाइल बाहेरच्या प्रोग्राममध्ये उघडणारेही. तिथे कुठलं सेटिंग कामी येणार?

रानवाट

शून्यप्रहर, १००% सहमत. गूगल क्रोमच्या इन्कॉग्निटो खिडकीबद्दलही हेच. ती खिडकी फक्त आपल्या मशीनवरचा इतिहास लपवते. गूगलवर त्यावरून २०२० मध्ये अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ मध्ये तडजोडीत साठवलेला डेटा नष्ट करायचं त्यांना कबूल करावं लागलं.

मधलावाटसरू

टॉरचा वेग झेपत नसेल तर मुलवाड ब्राउझर बघा. २०२३ मध्ये टॉर प्रोजेक्टनेच बांधून दिलाय. ठसा सारखा करण्याची तीच युक्ती, पण टॉरचं नेटवर्क नाही, व्हीपीएनसोबत (आपली जोडणी एका कंपनीच्या सर्व्हरमधून नेणाऱ्या सेवेसोबत) वापरायचा. विश्वास मात्र मग व्हीपीएन देणाऱ्या एकाच कंपनीवर टाकावा लागतो. टॉरमध्ये तो तीन टप्प्यांत वाटला जातो, कुठल्याही एकाला तुम्ही कोण आणि कुठे जाताय हे दोन्ही कळत नाही.

रानवाट

हे चांगलं सुचवलंत. कवडसा, त्या मुलीचं पुढे काय झालं?

कवडसा

जुनं प्रोफाइल उडवलं, टॉर ब्राउझर टाकला, तिला दोन तास शेजारी बसवून दाखवलं. तिने खिडकी पूर्ण मोठी केल्यावर पानाभोवती करड्या पट्ट्या आल्या. "या कशा घालवू?" म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, त्या तुझ्यासाठीच आहेत.

कंपनीच्या साइटने मात्र पहिल्या दोन्ही वेळा प्रवेश नाकारला. टॉरचे बाहेर पडायचे पत्ते जाहीर असतात, बऱ्याच साइट्स ते अडवतात. 'न्यू टॉर सर्किट' (टॉरमधून नवा मार्ग) दाबून तिसऱ्यांदा उघडली.

रानवाट

माझी भीती नेमकी हीच. नाकारल्यावर कंटाळून ती नेहमीच्या ब्राउझरमध्ये गेली असती तर?

कवडसा

गेली होती. एकदा, मी उठून गेल्यावर. तेच पान, घरच्या आयपीवरून. तिनेच संध्याकाळी फोन करून सांगितलं. त्या साइटच्या नोंदीत ते आता आहे आणि मी ते पुसू शकत नाही. पुढचं सगळं काम आम्ही तिच्या सहकाऱ्याकडे सोपवलंय.