शेरीफ जॉन स्लॉटर : बाबांना नेमकं काय दाखवू?

वाळवंटवासी :
फिनिक्सला राहतो. नाताळात आई-बाबा येताहेत. बाबांना जुन्या अ‍ॅरिझोनातल्या शेरीफ मंडळींचा, म्हणजे काउंटीच्या (जिल्ह्याच्या) पोलीसप्रमुखांचा, भारी नाद, त्यातही कोचीस काउंटीचा जॉन स्लॉटर. टूमस्टोन गावातली लुटूपुटूची बंदूकबाजी त्यांनी मागच्या खेपेला पाहिलीय. आता एका मुक्कामात खरंखुरं काय दाखवता येईल?

मृणाल_टूसान :
टूमस्टोनला फक्त 1882 चं कोर्टहाउस बघा. 1887 ते 1890 स्लॉटरचा कारभार तिथूनच चाले. मग तडक मेक्सिकोच्या सरहद्दीवरचं डग्लस गाव, आणि तिथून पूर्वेला पंधराएक मैलांवर त्याची सॅन बर्नार्डिनो रँच, म्हणजे गुरं पाळायची जमीन. मुक्काम डग्लसलाच करा, म्हणजे रँचला अख्खा दिवस मिळेल. शेरीफकी चार वर्षांत संपली, पण 1884 मध्ये हाती आलेली ही जमीन त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. मुळात 1822 चं मेक्सिकन इनाम, साठ हजार एकरांच्या वर. पुढे सरहद्द मधूनच गेली आणि मोठा तुकडा मेक्सिकोत राहिला. एवढ्या रखरखाटात हजारो गुरं जगली ती इथल्या झऱ्यांवर. घरापुढचं तळं पाहिलंत की त्याने हीच जागा का धरली ते बाबांना लगेच उमगेल. 1887 च्या भूकंपात जुनी घरं पडली, आताचं मातीच्या विटांचं घर नंतरचं आहे.

जुनाबस्ता :
मृणालताईंशी सहमत, पण नुसती गौरवगाथा ऐकून परतू नका. स्लॉटरने गुरंचोर हुसकावले हे खरं. मात्र तो पाठलागावर गेला की कैदी क्वचितच जिवंत परत येत, असंही तेव्हापासून बोललं जातं. टूमस्टोनच्या बूटहिल स्मशानात जॉन स्वेनची कबर जरूर बघा. हा गुलामगिरीत जन्मला, स्लॉटर कुटुंबाच्या मालकीचा होता, आणि मुक्त झाल्यावरही स्लॉटरबरोबर गुरं हाकत अ‍ॅरिझोनात आला. रँचवर अपाचे मेबद्दलही विचारा. 1896 मध्ये अपाचे या मूळनिवासी जमातीच्या तळावर छापा घातला तेव्हा सापडलेली ही तान्ही मुलगी स्लॉटर दांपत्याने वाढवली. 1900 मध्ये कपडे पेटून ती गेली. माझ्या मते स्लॉटर समजून घ्यायचा तर ही दोन आयुष्यं आधी.

मृणाल_टूसान :
हो, हे माझ्याकडून राहिलंच होतं. आणि वाळवंटवासी, डग्लसपुढचा रस्ता खडीचा आहे, आईंना धक्के बसतील, सावकाश चालवा. रँच रोज उघडी नसते, आधी फोन करा. डबा, पाणी सोबत घ्या, वाटेत काहीही मिळत नाही.