गॅस गिझर की विजेचा इन्स्टंट? तुमच्या घरचे अनुभव सांगा

पुणे, सिंहगड रस्ता
आमचा २५ लिटरचा टाकीवाला गिझर १२ वर्षांनी गळायला लागलाय. घरात माणसं सहा, सगळ्यांच्या आंघोळी साडेसहा ते आठच्या दरम्यान. तिसऱ्यानंतर पाणी कोमट होतं आणि सासूबाईंचा नंबर नेमका शेवटी असतो. यावेळी टाकी नसलेला घ्यावा म्हणते. दुकानात तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या, म्हणून ज्यांनी रोज वापरलाय त्यांचं ऐकायचंय. काय बिघडलं तेही लिहा.

ठाणे
विजेचा, ३ लिटर, ३ किलोवॅट. एवढ्या विजेवर मिनिटाला साधारण दीड लिटर पाणी ३० अंशांनी तापतं, त्यापेक्षा जास्त नाही. शॉवर पूर्ण सोडला की पाणी गारच वाटतं. आमच्याकडे नळाचं पाणी फार थंड नसतं, त्यामुळे नळ बारीक ठेवला तर बादली सात-आठ मिनिटांत भरते. दोन माणसांना पुरतं. सहा जणांना घेऊ नका. स्वयंपाकघरातल्या सिंकसाठी मात्र हा अगदी सोयीचा. १६ अँपिअरचा प्लग, स्वतंत्र वायर आणि अर्थिंग आधी तपासून घ्या.

नागपूर
गॅस गिझर घ्या, पण तो बाथरूमच्या आत लावू नका. ही आमच्या घरची गोष्ट आहे.
जानेवारीतली सकाळ होती. गिझर आत, दाराच्या वर. थंडी येते म्हणून झरोक्याला आम्हीच पुठ्ठा लावला होता. लावणाऱ्याने कधी काही म्हटलं नाही, आम्हीही विचारलं नाही. धाकटी बहीण केस धुवायला गेली. पाण्याचा आवाज येत होता म्हणून कुणाच्या मनात काही आलं नाही. आईने दोन हाका मारल्या, उत्तर नाही. दार खांद्याने तोडलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसलेली होती, मान एका बाजूला, केसांत तसाच फेस. गिझर जळतच होता. कसलाही वास नव्हता. सिलिंडरचा गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. बंद जागेत गॅस जळताना जो विषारी वायू तयार होतो, त्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तिला गच्चीवर मोकळ्या हवेत नेलं, मग दवाखान्यात ऑक्सिजन लावला. वाचली. दोन दिवस डोकं दुखत होतं. त्याच आठवड्यात गिझर बाहेरच्या भिंतीवर हलवला, नळ तेवढा आत. पाइप लांबला म्हणून सुरुवातीचं अर्धी बादली पाणी गार येतं, ते झाडांना घालतो.

नाशिक
वरचा मजला, टाकी डोक्यावर जेमतेम आठ फूट. गिझर टिकटिक करायचा आणि पेटायचाच नाही. दोनदा सेल बदलले. दोष सेलचा नव्हता, पाण्याच्या दाबाचा होता. ठरावीक दाब आल्याशिवाय गॅसचा व्हॉल्व्ह उघडत नाही. छोटा प्रेशर पंप बसवला आणि प्रश्न मिटला.

लातूर
बोअरचं पाणी असेल तर सांभाळा. दोन वर्षांत आतल्या कॉइलमध्ये क्षार बसले, धार निम्मी झाली. आता दर सहा महिन्यांनी लिंबूसत्वाच्या पाण्याने धुऊन घेतो.

पुणे, कोथरूड
पाइपचा गॅस आणि सिलिंडरचा गॅस यांचा दाब वेगळा असतो, जेटही (बर्नरमधली गॅस सोडणारी बारीक छिद्रं) वेगळे. घेतानाच सांगा कुठल्या गॅसवर चालवणार. आमच्याकडे सिलिंडरचं मॉडेल पाइपच्या गॅसला जोडून दिलं होतं, ज्योत मिणमिणतीच राहिली.

म्युनिक
इथे विजेवर चालणारे टाकी नसलेले गिझर सर्रास दिसतात, पण ते १८ ते २४ किलोवॅटचे, थ्री फेजवर. तेवढी वीज मिळाली तरच शॉवर पूर्ण सोडता येतो. भारतातल्या ३ किलोवॅटच्या गिझरकडून तशी अपेक्षा नको.

पुणे, सिंहगड रस्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. नागपूरचा अनुभव घरी मोठ्याने वाचून दाखवला. काल बादली लावून नळ मोजला, मिनिटाला साडेपाच लिटर, म्हणजे दाब ठीक आहे. मिनिटाला ६ लिटरचा गॅस गिझर घेतोय, तोही ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या वर. मात्र बाल्कनीला आम्ही सरकती काच बसवली होती, म्हणजे तीही बंद खोलीच झाली. काच काढून जाळी लावायला माणूस शनिवारी येतोय, गिझर त्यानंतरच बसेल. तोवर सासूबाईंची आंघोळ पहिली.